पॅरिश परिषद

पॅरिश परिषद : इंग्लंडमधील स्थानिक शासनाची सर्वांत खालची, मतदारांनी निवडून दिलेली पायरी. ग्रामीण भागात एखादे मोठे खेडे, किंवा एक खेडे आणि त्याच्या आसपासच्या वाड्या, मिळून एक पॅरिश होते. परिषदेला आजचे रूप १८९४ च्या कायद्याने मिळाले. सध्या तिचा कारभार मुख्यतः १९७२ च्या स्थानिक शासन अधिनियमानुसार चालतो. देशात अशा सुमारे दहा हजार परिषदा आहेत. नाव चर्चच्या परिभाषेतले असले, तरी ही संस्था निव्वळ मुलकी आहे. चर्चच्या पॅरिशचा कारभार पाहणारी ‘पॅरोकियल चर्च कौन्सिल’ निराळी, तिचे अधिकार १९२१ च्या चर्चविषयक विधीने ठरले. मराठी वाचकाची येथे गल्लत होणे साहजिक आहे. वसई, मुंबई आणि गोव्याकडील कॅथलिक समाजात पॅरिश म्हणजे चर्चचाच विभाग, आणि वसईकडे त्याला ‘धर्मग्राम’ हा नेटका प्रतिशब्द रूढ आहे. प्रस्तुत नोंद मुलकी पॅरिशपुरती आहे.

उगम : ‘पॅरिश’ हा शब्द ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दावरून लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ परक्या ठिकाणी राहणे, उपऱ्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात राहणाऱ्यांच्या संस्थेला हे नाव मिळावे, हा भाषेचा खोडकरपणाच म्हणायचा. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात हा शब्द बिशपच्या संपूर्ण क्षेत्रालाही लावलेला आढळतो. त्यामुळे जुन्या कागदात तो दिसला की तेथे आजच्या अर्थाची पॅरिश होती, असे धरता येत नाही.

इंग्लंडमध्ये पॅरिशची व्यवस्था कोणी व केव्हा घातली, यावर बराच वाद झाला आहे. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर (कार्यकाळ ६६८–६९०) याने ती एका हाती बसवली, ही जुनी समजूत आता फारशी कोणी मानत नाही. जोशुआ टुलमिन स्मिथ यांनी १८५४ मध्ये याच्या उलट टोकाची भूमिका मांडली : पॅरिश मुळात मुलकी गावसभा होती आणि चर्चने ती पुढे आपलीशी केली. केंद्रीकरणाविरुद्धच्या तत्कालीन चळवळीत स्मिथ स्वतः आघाडीवर होते, हे त्यांची मांडणी वाचताना लक्षात ठेवलेले बरे. कायद्याचे इतिहासकार फ्रेडरिक विल्यम मेटलंड यांनी अशा प्राचीन, स्वयंशासित गावसभेच्या कल्पनेकडे संशयाने पाहिले. मध्ययुगीन खेड्याचे रोजचे तंटे जमीनदाराच्या मॅनर न्यायालयात चालत, आणि त्या न्यायालयांचे दप्तर भरपूर उपलब्ध आहे, ही वस्तुस्थिती स्मिथ यांच्या मताला अडचणीची ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चेचा रोख बदलला. जॉन ब्लेअर व त्यांच्या मताच्या अभ्यासकांनुसार सातव्या-आठव्या शतकांत ‘मिन्स्टर’ म्हणजे अनेक धर्मगुरूंची मोठी चर्चे होती आणि एकेकाच्या हाताखाली विस्तीर्ण मुलूख असे. साधारण दहाव्या ते बाराव्या शतकांत जमीनदारांनी आपापल्या जमिनीवर लहान चर्चे बांधली, तसे त्या मुलखाचे तुकडे पडून खेड्यांच्या पॅरिश तयार झाल्या. राजा एडगर (९५९–९७५) याच्या एका विधीत या फुटीची खूण दिसते : ज्या सरदाराच्या जमिनीवर दफनभूमीसह चर्च असेल, त्याने आपल्या दशमांशाचा (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा) तिसरा हिस्सा त्या चर्चला द्यावा, दफनभूमी नसेल तर उरलेल्या नऊ भागांतून धर्मगुरूला हवे ते द्यावे. एरिक केंब्रिज व डेव्हिड रॉलसन यांनी १९९५ मध्ये या ‘मिन्स्टर’ सिद्धांताच्या पुराव्यांवर आक्षेप घेतले. त्यानंतर सिद्धांत थोडा सौम्य झाला, पण मोडीत निघालेला नाही. गावांची हद्द बऱ्याच अंशी जमीनदारीने आखली आणि दशमांशाने ती पक्की केली, हे मत सर्वाधिक संभाव्य वाटते. बाराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक ठिकाणी ही हद्द गोठलेली दिसते.

नकाशे येण्यापूर्वी हद्द लोकांच्या स्मरणातच असे. वसंत ऋतूत, स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास, धर्मगुरू आणि गावकरी पॅरिशच्या शिवेवरून फेरी काढत. शिवेचा दगड किंवा खुणेचे झाड आले की काठ्यांनी त्यावर फटके मारत. बरोबरच्या पोरांनाही कधी फटका बसे, कधी डोके दगडावर आपटले जाई, म्हणजे म्हातारपणी साक्ष देताना त्यांना जागा आठवावी. काही गावांत ही फेरी हौसेने अजून निघते, फटके आता फक्त दगडाला.

वेस्ट्री : पॅरिशचे मुलकी काम मात्र राजाने लादलेले आहे. चर्चच्या इमारतीची डागडुजी ही गावकऱ्यांची जबाबदारी होती आणि तिच्या हिशेबासाठी चर्चवॉर्डन नेमले जात. त्यांचे टिकून राहिलेले सर्वांत जुने हिशेब बाथ येथील सेंट मायकेल चर्चचे, १३४९ पासूनचे, मानले जातात (ही शहरी पॅरिश होती). हिशेब ऐकायला लोक ज्या खोलीत जमत ती धर्मगुरूंच्या वस्त्रांची, म्हणजे ‘वेस्ट्री’. त्यावरून सभेलाच वेस्ट्री म्हणू लागले. ही आयती यंत्रणा ट्यूडर राजवटीने कामाला लावली. १५५५ च्या कायद्याने रस्तादुरुस्ती पॅरिशकडे आली आणि गावकऱ्यांना वर्षातून चार दिवस, १५६३ नंतर सहा दिवस, रस्त्यावर राबावे लागे. १६०१ च्या कायद्याने गरिबांचे पोषण व त्यासाठीची करवसुली पॅरिशच्या ओव्हरसियरांकडे गेली.

उत्तरेकडील डोंगराळ भागात एकेका चर्च-पॅरिशमध्ये अनेक ‘टाउनशिप’, म्हणजे स्वतंत्र खेडी असत. १६६२ च्या कायद्याने त्यांना आपापल्या गरिबांचा भार वेगळा उचलण्याची मुभा मिळाली आणि १८६६ मध्ये गरिबांसाठी स्वतंत्र कर बसवणारे प्रत्येक ठिकाण कायद्याने ‘पॅरिश’ ठरले. म्हणजे तिकडच्या कित्येक आजच्या पॅरिश चर्चच्या पॅरिश कधीच नव्हत्या. उगमाच्या वादात हा मुद्दा पुरेसा वजनदार असूनही त्याकडे काहीसे दुर्लक्ष होते.

वेस्ट्री काही ठिकाणी सर्व करदात्यांना खुली, तर काही ठिकाणी मोजक्या मातब्बरांची असे. स्टर्जेस बोर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८१८–१९ च्या कायद्यांनी मिळकतीच्या प्रमाणात एका व्यक्तीला सहापर्यंत मते दिली. पुढे १८३४ मध्ये गरिबांचे पोषण पॅरिश-संघांकडे गेले, १८६८ मध्ये चर्चचा सक्तीचा कर रद्द झाला, आणि वेस्ट्रीचे नुसते टरफल उरले.

१८९४ चा कायदा : उदारमतवादी मंत्री हेन्री फाउलर यांनी मांडलेल्या या कायद्याने वेस्ट्रीचे मुलकी अधिकार काढून निवडून आलेल्या परिषदेला दिले. ३०० किंवा अधिक लोकवस्तीच्या ग्रामीण पॅरिशला परिषद सक्तीची झाली. त्याहून लहान ठिकाणी ‘पॅरिश मीटिंग’ म्हणजे सर्व मतदारांची सभा पुरेशी मानली गेली. जमीनदार व धर्मगुरू यांच्या पकडीतून खेडे सोडवावे, हा हेतू उघड होता. विवाहित स्त्रियांनाही मत देता येऊ लागले व निवडणूक लढवता येऊ लागली, ही गोष्ट संसदेच्या बाबतीत आणखी चोवीस वर्षांनी घडली. निवडणूक दीर्घकाळ सभेत हात वर करून होई, त्यामुळे ज्याच्या शेतावर राबायचे त्याच्या समोरच मत द्यायची पाळी मजुरावर येई. खर्चालाही लगाम होता : करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे तीन पेन्सपर्यंत कर परिषद स्वतः ठरवी, सहा पेन्सपर्यंत सभेच्या संमतीने.

रचना व कामकाज : परिषदेत किमान पाच सदस्य असतात, मुदत साधारणतः चार वर्षांची. बहुतेक ग्रामीण सदस्य पक्षाच्या चिन्हाविना उभे राहतात आणि जागांइतकेच अर्ज येऊन निवडणूक बिनविरोध होणे नित्याचे आहे. रिकामी जागा परिषद स्वतः सदस्य घेऊन भरते, मात्र दहा मतदारांनी मागणी केल्यास पोटनिवडणूक घ्यावी लागते. कारभाराची खरी सूत्रे क्लार्कच्या हाती असतात. हा परिषदेचा पगारी नोकर, बहुधा अर्धवेळ, आणि कित्येकदा एकाच वेळी दोन-तीन खेड्यांचा. परिषदेचे दप्तर त्याच्या घरातल्या कपाटात असणेही नवलाचे नाही.

सभेची सूचना तीन पूर्ण दिवस आधी गावातील काचेच्या फलकावर लागते. विषय साधारण असे : मागील इतिवृत्त, बसथांब्याची गळकी छप्परपट्टी, पायवाटेवर आलेले कुंपण आणि ते कोणाच्या बागेचे, कुत्र्यांच्या विष्ठेसाठी आणखी एक पेटी, कोणाच्या घराच्या वाढीव बांधकामाचा अर्ज. सुरुवातीस गावकऱ्यांना बोलण्यासाठी काही मिनिटे राखून ठेवलेली असतात व ती प्रायः गाड्यांचा वेग आणि खड्डे यांत संपतात. खड्डे मात्र परिषदेच्या अखत्यारीत नाहीत. ते काउंटीचे, कचरा डिस्ट्रिक्टचा (या वरच्या पायरीवरील स्थानिक संस्था). परिषद कळवू शकते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कळवू शकते.

सर्व मतदारांची वार्षिक पॅरिश मीटिंग १ मार्च ते १ जून या काळात घ्यावी लागते आणि ती संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही. मजुराला कामावरून सुटून येता यावे, ही त्यामागील जुनी दृष्टी. दुसरी योग्य जागा मोफत किंवा वाजवी भाड्यात मिळत असेल, तर जेथे त्या वेळी मद्यविक्री होऊ शकते अशा जागी सभा भरवण्यास कायद्याची मनाई आहे.

अधिकार व पैसा : परिषदेची कामे जवळपास सर्व ऐच्छिक आहेत. एकाच कायद्यात ती न सापडता तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहेत : युद्धस्मारकांची निगा १९२३ च्या कायद्यात, तळी व नाल्यांची सफाई १९३६ च्या, रस्त्यावरील दिवे, बाके व सार्वजनिक घड्याळे १९५७ च्या कायद्यात. त्यामुळे पैसा खर्चण्यापूर्वी कोणत्या कलमाखाली, हे क्लार्कला शोधावे लागते. २०११ च्या कायद्याने पात्र परिषदांना सर्वसाधारण अधिकार दिल्यावर ही कसरत काही ठिकाणी कमी झाली. सक्तीच्या थोड्या कामांपैकी एक म्हणजे भाजीपाल्याचे वाफे भाड्याने देणे. सहा मतदारांनी लेखी मागणी केली की परिषदेला तिचा विचार करावाच लागतो. एक वाफा रूढ मापाने दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आणि त्यासाठीची प्रतीक्षायादी हा गावातला नाजूक विषय.

परिषद स्वतः कर गोळा करत नाही. वर्षाची गरज ठरवून ती वरच्या संस्थेकडे मागणी नोंदवते आणि ती रक्कम गावातील घरांच्या करपत्रकात वेगळ्या ओळीत दिसते. बांधकाम-परवान्यांत तिचे मत केवळ सल्ल्याचे. तथापि नव्या बांधकामांवरील आकारणीचा १५ टक्के हिस्सा तिला मिळतो, आणि गावाने स्वतःचा परिसर-आराखडा मतदानाने मंजूर केला असेल तर २५ टक्के.

ग्रामपंचायतीशी तुलना : खेडे म्हणजे आपल्यापुरते छोटे राज्यच, असे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाच्या अहवालात केले होते. हेन्री मेन यांनी १८७१ मध्ये भारतीय व युरोपीय ग्रामसंस्था एकाच जुन्या साच्याच्या असल्याचे सुचवले. हे साम्य आता अतिशयोक्त मानले जाते. वतनदारांच्या गावगाड्याशी वेस्ट्रीची तुलना काही अंशी जमेल, परिषदेची नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत घरपट्टी व पाणीपट्टी स्वतः वसूल करते, राज्य-केंद्राच्या योजना राबवते, आणि तिचा ग्रामसेवक (२०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’) जिल्हा परिषदेकडून येतो. क्लार्कला परिषद स्वतः नेमते व काढते. ग्रामसभा व पॅरिश मीटिंग यांचे साम्य अधिक जवळचे आहे, गणसंख्येच्या रडगाण्यासकट.

अन्यत्र : १९७२ च्या कायद्यानुसार कोणतीही पॅरिश परिषद स्वतःला ‘टाउन कौन्सिल’ म्हणवू शकते, तिच्या अध्यक्षाला मग मेयर म्हणतात. लाखावर वस्तीच्या नॉर्थॅम्प्टनलाही २०२० पासून अशी परिषद आहे. वेल्समध्ये १९७४ पासून ‘कम्युनिटी कौन्सिल’ आहेत. स्कॉटलंडमधील पॅरिश परिषदा १९३० मध्ये संपल्या. लंडनमध्ये २००७ च्या कायद्याने त्यांना पुन्हा वाट मिळाली. जर्सी बेटावरील बारा पॅरिशांचे प्रमुख ‘कॉनेटाब्ल’ बेटाच्या विधिमंडळातही बसतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या ६४ पॅरिश या जिल्ह्याएवढ्या असून त्यांचा येथील संस्थेशी नावापलीकडे संबंध नाही.