लेकॉक आणि कासल कूम: फोटोत सारखी, मुळात वेगळी

लंडनहून बाथ किंवा स्टोनहेंजला गेलेल्या आपल्या माणसांच्या फोटोंत एक गाव हमखास असतं. दगडी घरं, उतरती छपरं, दारावर चढलेले वेल, पलीकडे चर्चचा मनोरा. गावाचं नाव विचारलं की कुणी लेकॉक सांगतं, कुणी कासल कूम, आणि बरेचदा फोटो एका गावाचा नि नाव दुसऱ्याचं असतं. घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही गावं विल्टशर परगण्यातली, दोघांना जवळचं मोठं गाव चिपनहॅम, दोघांचा जुना पैसा लोकरीचा आणि कापडाचा, आणि दोन्ही ठिकाणी सिनेमावाले सारखे येऊन गेलेले. चिपनहॅमहून लेकॉक दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर आहे, तर कासल कूम वायव्येला नऊ-दहा किलोमीटरवर. गाडी असेल तर एका दिवसात दोन्ही बघून होतात आणि संध्याकाळपर्यंत डोक्यात त्यांची सरमिसळ होते.

ती होऊ नये असं मला मनापासून वाटतं. ही दोन गावं जुनी का राहिली याची कारणं अगदी वेगळी आहेत, आणि ती कळली की दोन्हीकडची घरं वेगळी दिसायला लागतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे: गाव कुणाचं होतं आणि आज कुणाचं आहे?

आधी डोळ्यांना दिसणारा फरक. कासल कूम खोल दरीत बसलंय. बायब्रूक नावाची छोटी नदी तिथून वाहते, दोन्ही अंगांना झाडीचे चढ आहेत आणि गाव वरून उतरत उतरत नदीवरच्या पुलापाशी येऊन संपतं. घरं जवळपास सगळी एकाच प्रकारच्या दगडाची. भिंती मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या आणि छपरावरही त्याच दगडाच्या पातळ फरशा कौलांसारख्या रचलेल्या. त्या वजनदार असतात, म्हणून छपरं चांगलीच उभट उतरतात. हा दगड कॉट्सवोल्ड टेकड्यांचा आहे आणि कासल कूम त्या टेकड्यांच्या संरक्षित पट्ट्यातच येतं.

लेकॉक सपाटीवरचं. एव्हन नदीचा पूरपट्टा जवळ, गावातून बाइड ब्रूक नावाचा ओढा जातो आणि गावाच्या टोकाला तो रस्त्यावरूनच वाहतो. पायी जाणाऱ्यांसाठी शेजारी ओझ्याच्या घोड्यांच्या काळातला अरुंद दगडी पूल आहे. सहलीच्या जाहिरातींत लेकॉकला सर्रास कॉट्सवोल्डचं गाव म्हणतात, पण ते त्या संरक्षित पट्ट्याच्या बाहेर आहे. घरं बघितली तरी हे कळतं. दगड आहेच, पण त्याला लागून विटांचं घर, त्याला लागून लाकडी सांगाड्याचं. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट अशा चार रस्त्यांचा एक चौकोन, एवढाच जुन्या गावाचा पसारा. त्या चौकोनाला फेरी मारताना निरनिराळ्या शतकांची घरं खांद्याला खांदा लावून उभी दिसतात. चर्च स्ट्रीटवरच्या एका घराची बाजूची भिंत मुद्दाम थांबून बघावी. क्रक हाउस म्हणतात त्याला. नैसर्गिक बाक असलेलं भलंमोठं लाकूड जमिनीकडून थेट छपराच्या शेंड्याकडे गेलेलं तिथे उघडं दिसतं. छपराचा सगळा भार अशा जोडलाकडांवर आणि मधली भिंत नुसती भरलेली. आपल्याकडचा जुना वाडा पाडताना मातीच्या भिंती पडल्यावर खांब-तुळयांची चौकट तेवढी उभी राहिलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे बांधकाम वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

थोडक्यात, फोटोतली सगळी घरं एकाच रंगाची आणि पुढे पूल नि पाणी असेल तर ते बहुतेक कासल कूम. लाकूड, वीट, दगड एकाच ओळीत असतील तर लेकॉक.

आता मालकीकडे येऊ. लेकॉक वाढलं ते एका मठाच्या आश्रयानं. एला ही सॉल्झबरीची काउंटेस. तिचा नवरा विल्यम लाँगस्पे हा राजा जॉनचा सावत्र भाऊ. तो १२२६ मध्ये वारला. त्यानंतर एलानं पुन्हा लग्न केलं नाही. विल्टशरची शेरिफ म्हणून तिनं स्वतः कारभार पाहिला, त्या काळी बाईमाणसाकडे क्वचितच येणारं काम. १२३२ च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी तिनं दोन मठांची स्थापना केली, लेकॉकला जोगिणींचा आणि हिंटनला साधूंचा. पुढे ती स्वतः लेकॉकची मठाधिपती झाली आणि तिथेच तिला पुरलं. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, तिची १२२५ ची एक मूळ प्रत या मठात होती. विसाव्या शतकात ती राष्ट्राला दिली गेली आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. एवढ्याशा गावातून असं काही निघतं हे मला फार विलक्षण वाटतं.

आठव्या हेन्रीनं देशभरातले मठ बंद केले, त्यात १५३९ मध्ये लेकॉकचाही नंबर लागला. विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबाऱ्यानं ती मिळकत ७८३ पौंडांना घेतली. मठाचं चर्च त्यानं पाडलं, पण ओवऱ्या आणि त्यांच्या आतल्या खोल्या तशाच ठेवून वर आपला वाडा बांधला. म्हणून आज ॲबीत, म्हणजे या जुन्या मठाच्या वास्तूत, शिरलं की खालचा मजला तेराव्या ते पंधराव्या शतकांतला मठ आणि वर नंतरच्या काळातलं श्रीमंताचं घर, असा जोडप्रकार दिसतो. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतले शाळेचे काही प्रसंग याच ओवऱ्यांमध्ये चित्रित झाले आणि बरेच पर्यटक तेवढ्यासाठीच येतात. हरकत नाही. पण त्यांनी वरच्या मजल्यावर दक्षिणेच्या सज्जात जाऊन एक खिडकी बघितल्याशिवाय परत फिरू नये.

ही मिळकत पुढे टॅलबट घराण्याकडे आली. त्या घराण्यातला विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट १८३५ च्या ऑगस्टमध्ये लाकडाच्या छोट्या छोट्या पेट्यांत भिंग बसवून, आत चांदीच्या क्षारांचा लेप दिलेला कागद ठेवून, त्या पेट्या घराच्या अवतीभोवती मांडत होता. त्याची बायको कॉन्स्टन्स त्या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणायची. त्यातली एक पेटी या जाळीदार खिडकीसमोर होती. कागदावर जे उमटलं ते टपालाच्या तिकिटापेक्षा फारसं मोठं नाही: उजेडाच्या जागी काळं, काळोखाच्या जागी फिकट. टॅलबटनं शेजारी स्वतःच्या हातानं नोंद केली आहे की चित्र ताजं असताना भिंगातून पाहिलं तर खिडकीच्या काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता यायचे. कॅमेऱ्यातून काढलेली आणि आजवर टिकलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. त्याच काळात फोटोग्राफीचे प्रयोग करणाऱ्या फ्रान्समधल्या दागेरच्या पद्धतीत एका फोटोची एकच प्रत निघे, टॅलबटच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या निघत. फिल्मच्या जमान्यातली आपली फोटोग्राफी त्याच वाटेनं आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसं कॅमेऱ्यात रमली. लेकॉकशी आपलं नातं जोडायचं तर ते या खिडकीतून जोडता येतं.

गावासाठी मात्र टॅलबट घराण्याचं महत्त्व वेगळं आहे. ॲबी आणि गावातली बहुतेक घरं एकाच जहागिरीत राहिली. १८४१ मध्ये रेल्वे चिपनहॅमला आली, लेकॉकला आली नाही. गाव मागे पडलं, आणि जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा नि घाई कुणाला नव्हती. फॉक्स टॅलबटची नात मटिल्डा टॅलबट १९१६ मध्ये वारस झाली. तिनं १९४४ साली ॲबी आणि जवळपास अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. आजही गावातली बहुसंख्य घरं ट्रस्टची आहेत आणि माणसं तिथे भाड्यानं राहतात. रस्त्यावर वरून जाणाऱ्या तारा दिसत नाहीत, छपरांवर अँटेना दिसत नाहीत, कारण हे ठरवणारा घरमालक एकच आहे. गावात शाळा आहे, बेकरी आहे. जुन्या जॉर्ज इनमध्ये शेगडीजवळ एक चाक अजून आहे. त्यात कुत्रा धावायचा आणि त्याच्या धावण्यानं विस्तवावरची मांसाची सळई फिरायची.

कासल कूममध्ये असा मठ कधीच नव्हता. नावातला किल्लाही शोधू नका. नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे टेकडीवर फक्त मातीचे उंचवटे उरलेत आणि गावातून तेही दिसत नाहीत. हे गाव कापडानं उभं केलं. बायब्रूकच्या पाण्यावर कापड तुडवण्याच्या गिरण्या चालत. विणलेलं लोकरीचं कापड पाण्यात लाकडी हातोड्यांखाली कुटलं की ते आटतं, दाट होतं आणि वारा अडवतं. त्याला लागणारी पाण्याची ओढ दरीत होती, लेकॉकच्या सपाटीत तितकी नाही. पंधराव्या शतकात जहागीर सर जॉन फॅस्टॉल्फ या सरदाराच्या हाती होती. फ्रान्सच्या युद्धातल्या आपल्या माणसांसाठी तो इथूनच तांबडं-पांढरं कापड घ्यायचा, वीसेक वर्षं, दरसाल १०० पौंडांहून अधिक किमतीचं. पक्कं गिऱ्हाईक मिळालं आणि गावात नवी घरं उठली. विल्यम हेन्स नावाचा इथला कापडवाला कायद्यानं जमीनदाराचं बांधील कूळ होता, पण धनवान झाला. त्याच्या मृत्यूनंतर मालमत्ता राखण्यासाठी त्याच्या विधवेला जमीनदाराकडे जबर रक्कम भरावी लागली. सुंदर घरांच्या त्या ओळीकडे बघताना मला नेहमी हे कुटुंब आठवतं. दगड तोच, पण आत राहणारा माणूस कायद्यानं पुरता मोकळा नव्हता.

गावाच्या मधोमध चौदाव्या शतकातला बाजाराचा क्रॉस आहे, दगडी खांबांवर छप्पर असलेला, आणि तीन रस्ते तिथे येऊन मिळतात. शेजारच्या सेंट अँड्र्यू चर्चचा मनोरा कापडाच्याच पैशांतून उभा राहिला. आत एक जुनं यांत्रिक घड्याळ आहे, त्याला तबकडी नाही. शेतात आणि मागावर असलेल्या माणसाला वेळ दिसायला नको होती, ऐकू यायला हवी होती. म्हणून ते नुसते ठोके देतं.

पुढे कापडधंदा मोठ्या गावांकडे सरकला आणि दरी रिकामी पडली. जहागीर कित्येक शतकं स्क्रोप घराण्याकडे राहिली, नंतर इतरांकडे गेली, आणि १९४७ मध्ये तिचे तुकडे पाडून घरं एकेक करून विकली गेली. लेकॉक अख्खं दान झाल्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. जमीनदाराचा वाडा पुढे हॉटेल झाला. आज कासल कूमचं प्रत्येक घर वेगळ्या मालकाचं आहे. वारसा-इमारतींचे कायदे कडक असल्यामुळे दर्शनी भाग बदलत नाही. पण घर कुणी घ्यावं आणि त्यात वर्षभर राहावं की नाही, हे बाजार ठरवतो. अशा गावात रोजच्या गरजेची दुकानं टिकवणं कठीण जातं.

कासल कूमला लोक शांत म्हणतात, तर गावाची एक गोष्ट सांगायला हवी. १९६६ साली एका हॉलिवूड संगीतपटासाठी या दरीतल्या गावाचं बंदर करायचं ठरलं. बायब्रूकवर बांध घालून पाणी तुंबवलं. काही स्थानिकांना ते मुळीच पटलं नाही. पुढे ध्रुवीय प्रवासी म्हणून प्रसिद्ध झालेला रॅनल्फ फाइन्स तेव्हा सैन्यात, एसएएस या खास पथकात होता. तो बांध उडवून देण्यासाठी तो स्फोटकं घेऊन आला, पकडला गेला, दंड भरला आणि एसएएसमधून त्याला जावं लागलं. शिवाय गावाच्या वर पठारावर, युद्धकाळातल्या विमानतळाच्या जागी, १९५० पासून मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. शर्यतीच्या दिवशी त्याचा आवाज दरीपर्यंत उतरला तर नवल वाटू नये.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. गावात फिरायला दोन्हीकडे तिकीट नाही. लेकॉकमध्ये ॲबी आणि दाराशीच असलेल्या फॉक्स टॅलबट संग्रहालयाला तिकीट लागतं आणि ते वसूल होतं. कासल कूमला गाडी वरच्या वाहनतळावर लावून पायी उतरावं लागतं. येताना तोच चढ आहे, तेव्हा आई-बाबा बरोबर असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर लेकॉक बरं. गाडी नसेल तरीही लेकॉकच सोयीचं: लंडनच्या पॅडिंग्टनहून चिपनहॅमला रेल्वेनं यायचं, पुढे बस मिळते. एकाच गावाला वेळ असेल तर मी लेकॉक सांगेन आणि त्यातला निम्मा वेळ ॲबीला द्यायला सांगेन. कासल कूमचं सौंदर्य तासाभरात डोळ्यांत भरतं, पण त्यासाठी दुपारच्या बसगाड्या यायच्या आधी सकाळी लवकर पुलावर पोचायला हवं. आणि दोन्हीकडे एक पथ्य: खिडकीतून आत डोकावून फोटो काढू नका, आत माणसं राहतात.