परदेश अभ्यास दौरा: शेती तुमची, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्याची बातमी पेपरात आली की तालुका कृषी कार्यालयात पोरांची गर्दी होते. गर्दी व्हावी अशीच ही योजना आहे. खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त १ लाख रुपये शासन देतं. जाणाऱ्याला तिकडचे पॉलिहाऊस, पाणी व्यवस्थापन, शेतकऱ्यांच्या संस्था बघायला मिळतात. शिवाय राज्यभरातल्या धडपड्या शेतकऱ्यांबरोबर आठ-दहा दिवस एकाच बसमधून फिरणं होतं, आणि पुढं रोपं कुठून आणायची, माल कुणाला द्यायचा यासाठी याच ओळखी कामी येतात. जिल्ह्याच्या वाट्याला जागा मोजक्या, त्यात महिला आणि पुरस्कारप्राप्त शेतकरी यांना वेगळं स्थान, आणि पात्र अर्जांतून सोडत. पण आपली कोल्हापूरची बरीच पोरं सोडतीच्या चिठ्ठीपर्यंत पोचतच नाहीत. ती कागदावरच बाद होतात.

अटी वाचायला सोप्या आहेत. वय २५ पूर्ण. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) स्वतःच्या नावे, तोही मागच्या सहा महिन्यांतला. उत्पन्नाचं मुख्य साधन शेती. एका कुटुंबातून एकच जण. याआधी सरकारी पैशानं परदेश दौरा केलेला नको. पासपोर्ट हातात आणि मुदतीतला. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. दरवर्षीच्या परिपत्रकात एखादी ओळ बदलते, म्हणून मागच्या वर्षीचा फॉर्म झेरॉक्स करून भरू नका.

आता घोडं अडतं ते ‘स्वतःच्या नावे’ या दोन शब्दांवर. अठ्ठावीस-तीस वर्षांचा पोरगा, ढबू मिरची तो लावतो, ठिबक त्यानं बसवलं, व्यापाऱ्याशी तोच बोलतो. आणि सातबाऱ्यावर वडील. राधानगरी, भुदरगडाकडच्या उताऱ्यांत तर वडीलही सापडत नाहीत. आजोबांच्या किंवा थोरल्या चुलत्यांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अख्खी भावकी त्या तीन अक्षरांच्या मागं. खिडकीतल्या माणसाला तुमची ढबू मिरची दिसत नाही, त्याला उतारा दिसतो. ज्या धोरणाला तरुण शेतकरी हवाय, त्यानंच त्याला वडिलांच्या नावाच्या कागदावर तोलावं हे मला कधी पटलेलं नाही. पण अट आहे ती आहे.

सामाईक खात्यात नाव असेल तर आधी आठ-अ काढून बघा. ‘माझ्या नावावर काही नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचं नाव आजोबांच्या वारस नोंदीत आधीच लागलेलं असतं, घरात कुणाला पत्ता नसतो. नसेल तर दोन वाटा. वडिलांच्या हयातीत त्यांनी मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये पडतं, स्थानिक अधिभार वेगळा. किंवा सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटप. दोन्हीकडं तुकडेबंदी आडवी येते: बागायत १० गुंठे, जिरायत २० गुंठे, त्याखालचा तुकडा पाडता येत नाही. नोंद धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी महिना कुठं गेला नाही. दौऱ्याची जाहिरात निघाल्यावर अर्जाला मिळतात थोडे दिवस. त्यामुळं हे काम जाहिरातीच्या आधीच उरकलेलं पाहिजे.

आणि एक सांगू का? वडिलोपार्जित जमिनीत आत्यांचा, बहिणींचाही हक्क असतो. एका दौऱ्यासाठी घाईघाईनं सह्या मागत फिरलात तर दौरा राहील बाजूला आणि दिवाणी कोर्टाच्या तारखा मागं लागतील. घरात बसून बोला, मग वकिलाकडं जा.

उतारा काढताना फुकटवाला काढू नका. संकेतस्थळावर नुसता बघायला मिळतो तो फक्त माहितीसाठी असतो. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्या.

नावाचा घोळ हा आपल्या जिल्ह्याचा खास रोग. सातबाऱ्यावर ‘बाळासो’, आधारला ‘बाळासाहेब’, पासपोर्टवर आणखी तिसरंच स्पेलिंग. वडिलांच्या नावाचा हा गोंधळ मुलाच्या प्रत्येक कागदावर उतरतो. शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, काढतानाच तो बाहेर पडतो. २०२५ पासून कृषी योजनांना तो सक्तीचा आहे. सामाईक खात्यातल्या प्रत्येकानं तो आपापला काढायचा असतो, थोरल्या भावाचा चालत नाही.

आणखी एक अट पोरं नुसती वाचतात आणि पुढं सरकतात: अर्जदार शासकीय, निमशासकीय, सहकारी किंवा खासगी संस्थेत नोकरीला नसावा, डॉक्टर, वकील, सीए, अभियंता, कंत्राटदारही नसावा. यातला ‘सहकारी’ हा शब्द कोल्हापुरात किती घरांना लागतो बघा. साखर कारखान्यात स्लिप बॉय, दूध संस्थेत सचिव, पतसंस्थेत क्लार्क. सकाळी संकलन केंद्रावर, दुपारी रानात, असा आपला अर्धा तरुण वर्ग आहे. पगार तुटपुंजा असला तरी कागदावर ती नोकरीच. संस्थेचा नुसता सभासद असणं म्हणजे नोकरी नव्हे, तिथं घाबरू नका. पण पगार घेत असाल आणि स्वयंघोषणापत्रावर ‘नोकरी नाही’ लिहून सही ठोकलीत, तर गावातलाच कुणीतरी तक्रार करतो. ते पत्र तुमच्याच सहीचं असतं.

पासपोर्टला अर्ज केल्याची पावती चालत नाही, पुस्तिकाच लागते. साधी फी १५०० रुपये, कोल्हापुरात पोस्टाचं केंद्र आहे, पोलीस पडताळणी तुमच्याच ठाण्यात. जुना असेल तर प्रवासानंतर सहा महिने तरी मुदत उरते का ते बघा. अर्ज दिला की पोच घ्या. तालुक्याच्या खिडकीवर ‘ठेवा इथं’ म्हणाले म्हणून ठेवून येऊ नका.

पंचविशीच्या आतल्यांनी हिरमुसून बसायचं कारण नाही. राज्याचा युवा शेतकरी पुरस्कार १८ ते ४० वयोगटासाठी आहे. पीक स्पर्धाही आहे, आणि दौऱ्यात पुरस्कारप्राप्तांना वेगळी जागा असते ती इथं उपयोगी पडते. खरिपाच्या यादीत भात, नाचणी, भुईमूग, सोयाबीन आहेत. ऊस नाही, त्यामुळं शिरोळ-हातकणंगल्याकडं या स्पर्धेकडं फारसं कुणी बघत नाही. स्पर्धेलाही जमीन स्वतःच्या नावे लागते. शिवाय लागतो एक असा कागद जो कुणाच्याच घरी नसतो: स्पर्धेचा प्लॉट खुणा करून दाखवलेला नकाशा. तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या कालपर्यंतच्या तलाठ्याकडून, पेरणी झाल्या झाल्या घ्या. शेवटच्या दिवशी ते मोजणीच्या कामावर गेलेले असतात.

सातबाऱ्याची अटच नको असेल तर तळसंदे आणि कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रांतली ग्रामीण युवकांची प्रशिक्षणं बघा. ‘आत्मा’कडून, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडून, शेतकरी गटाचे राज्यातले, परराज्यातले दौरे निघतात. ओळखी तिथंही होतात, पासपोर्टही लागत नाही.

सोडतीत नाव निघालंच तर एमबीबीएस डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. आणि पैशाचं नीट समजून घ्या: पूर्ण रक्कम आधी तुम्ही भरायची, अनुदान दौरा झाल्यावर आधार जोडलेल्या खात्यात येतं. दौरा अडीच-तीन लाखांना गेला तर १ लाखाच्या वरचं सगळं तुमच्या खिशातून. व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट आणि बहुतेकदा आयकर विवरणपत्रही मागतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून ते आपल्याकडं कुणी भरलेलं नसतं. आदल्या वर्षीच भरून ठेवा, आणि ऊसबिल सोसायटीचं कर्ज वळतं होऊन ज्या खात्यात येतं, त्याचं पासबुक बँकेतून वेळच्या वेळी भरून आणा.