संगणकाचे पुस्तक निवडताना : वेब डेव्हलपमेंट आणि ग्राफिक्स शिकणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अप्पा बळवंत चौकातील आमच्या दुकानात संकेतस्थळ तयार करणे किंवा चित्रसंपादन शिकवणारी पुस्तके घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक मुखपृष्ठ, जाडी आणि किंमत एवढेच पाहून निर्णय घेतात. महिनाभर नेटाने अभ्यास केल्यावर पुस्तकातील आज्ञा आपल्या संगणकावर चालतच नाही असे लक्षात आले, की विद्यार्थी दोष स्वतःला देतो, आणि याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते. दोष अनेकदा पुस्तकाच्या वयाचा असतो, आणि ते वय दुकानातच पाच मिनिटांत ओळखता येते.

पुस्तक हातात घेतल्यावर आधी शीर्षकपानाची मागची बाजू पाहावी. तेथे पहिल्या प्रकाशनाचे वर्ष, आवृत्तीचा क्रमांक आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष छापलेले असते. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे. नवी आवृत्ती म्हणजे मजकुरात केलेली दुरुस्ती किंवा भर. ‘पुनर्मुद्रण २०२३’ हे शब्द वाचून पुस्तक ताजे वाटते, परंतु त्याच पानावर पहिली आवृत्ती २०११ ची असेल आणि दुसरी आवृत्ती निघालेलीच नसेल, तर आतला मजकूर २०११ चाच आहे असे समजावे.

त्यानंतर सुरुवातीची अनुक्रमणिका उघडावी. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या पुस्तकात ‘ग्रिड’ आणि ‘फ्लेक्सबॉक्स’ या मांडणीच्या पद्धतींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत का, हे पाहावे. ग्रिडची सोय प्रमुख ब्राउझरांमध्ये मार्च २०१७ पासून येऊ लागली. त्याआधीच्या पुस्तकांत पानाची मांडणी बहुधा तक्ते किंवा ‘फ्लोट’ वापरून शिकवलेली असते, आणि ती पद्धत आज नव्याने शिकण्यात वेळ घालवू नये. वेबपानाला वापरणाऱ्याच्या कृतीनुसार प्रतिसाद द्यायला लावणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत जून २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीने मोठे बदल केले. उदाहरणांमध्ये सगळीकडे ‘व्हार’ (var) दिसत असेल आणि ‘लेट’ (let) व ‘कॉन्स्ट’ (const) हे शब्द कोठेच नसतील, तर पुस्तक बहुधा त्याआधीचे आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेच्या जुन्या पुस्तकांत माहितीसाठ्याशी जोडणी करण्यासाठी जी ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ आज्ञा दिलेली असते, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली आहे, त्यामुळे असा कोड सध्याच्या सर्व्हरवर चालत नाही. वेबपानावर ॲनिमेशन दाखवणाऱ्या फ्लॅशचा आधार तर ३१ डिसेंबर २०२० रोजी पूर्णपणे थांबला. फ्लॅशवरची पुस्तके आम्ही विक्रीसाठी ठेवत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा उभा करणारी भाषा), सीएसएस आणि जावास्क्रिप्ट याच क्रमाने शिकावे, असे आमचे मत आहे. पहिल्याच भेटीत रिॲक्ट या जावास्क्रिप्टवर आधारलेल्या साधनाचे पुस्तक मागणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही थोडे थांबायला सांगतो, कारण अशा साधनांची रचना लवकर बदलते आणि त्यांची अधिकृत माहिती त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. संदर्भासाठी मोझिलाने सुरू केलेले एमडीएन हे विनामूल्य संकेतस्थळही उत्तम आहे. पायाभूत विषय मात्र सलग, एका क्रमाने समजावून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी चांगल्या पुस्तकाइतके उपयोगी काही नाही, असे आम्ही अनुभवाने म्हणतो.

ग्राफिक्सच्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि हस्तपत्रके करणारे आमचे अनेक ग्राहक कोरलड्रॉची किंवा फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरतात, आणि त्यांना नव्या आवृत्तीचे पुस्तक दिले तर मेनू जुळत नाहीत. म्हणून येण्यापूर्वी आपल्या सॉफ्टवेअरच्या ‘हेल्प’ मेनूत जाऊन आवृत्तीचा क्रमांक लिहून आणावा. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीची एकदाच पैसे भरून घेण्याची शेवटची मालिका, सीएस ६, २०१२ मध्ये आली. त्यापुढे फोटोशॉपसारखी प्रमुख सॉफ्टवेअर वर्गणीवर आहेत. विनामूल्य सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी जिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आहे, हे लक्षात ठेवावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. परदेशी पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या पुष्कळदा कृष्णधवल छापलेल्या असतात. प्रोग्रामिंगच्या पुस्तकाला त्याने काही अडत नाही, परंतु रंगदुरुस्ती शिकवणाऱ्या पुस्तकात ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दोन्ही चित्रे राखाडी दिसत असतील, तर शिकणाऱ्याच्या हाती काय लागणार? अशा विषयासाठी थोडे अधिक पैसे देऊन रंगीत प्रत घ्यावी, किंवा सरळ ई-पुस्तक घ्यावे.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांची गरज इंग्रजी पुस्तके बहुधा भागवत नाहीत. फोटोशॉपमध्ये देवनागरी लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडत असेल आणि जोडाक्षरे तुटत असतील, तर फाँट बदलत बसण्यापूर्वी ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ किंवा आणखी जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय असल्यास तो निवडून पाहावा. पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये हीच सोय परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ या नावाने आहे. डीटीपीसाठी जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीचा समान अक्षरसंकेत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा चिकटवला, तर वाचकाला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. वेबपानावर ‘यूटीएफ-८’ या युनिकोडच्या साठवणपद्धतीची नोंद आणि मराठीचा ‘एमआर’ हा भाषासंकेतही द्यावा.

पुस्तकासोबत सरावाच्या फाइली आहेत का, आणि सीडीऐवजी दुवा दिलेला असेल तर तो आजही उघडतो का, हे गल्ल्यावरच्या संगणकावर आम्ही आपल्यासमोर तपासून देतो. आवृत्ती न जुळल्यास पुस्तक पावतीसह पंधरा दिवसांत बदलून मिळेल. पानांवर खुणा केलेल्या नसाव्यात. छायांकित प्रती आम्ही विकत नाही. फोनवरून मागणी नोंदवताना सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि पुस्तक मराठी, हिंदी की इंग्रजी हवे, एवढे कृपया सांगावे.