सेट, लेट आणि मधली एक स्पेस

परवा नाशिकला, आमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात, नवीन आलेल्या मुलीने व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये टॅबची रुंदी ठरवायला 'सेट टॅबस्टॉप' लिहिलं. मग स्पेस, बरोबरचं चिन्ह, पुन्हा स्पेस आणि ४. एरर आली: बरोबरच्या चिन्हापुढे आकडा हवा. "दिलाय की आकडा, दादा!" दिला होता खरा. पण चिन्हाआधीची स्पेस व्हिमला चालते, नंतरची चालत नाही.

याचं मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात, १९७६ च्या आसपास. बिल जॉय यांनी एक्स आणि व्हीआय हे व्हिमचे पूर्वज एडिटर लिहिले तेव्हा 'सेट' ही कोलन दाबून टाइप करायची आज्ञा होती. स्पेस आली की पुढचा ऑप्शन, म्हणजे पुढचं सेटिंग सुरू, त्यामुळे एका ओळीत चार-पाच ऑप्शन बसत. ओळींचे क्रमांक हवेत तर 'सेट नंबर', नकोत तर 'सेट नोनंबर'. जॉय घरून ३०० बॉडच्या संथ मोडेमवर काम करत; टायपिंग जितकं कमी तितकं बरं.

ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम आणला तो हीच रीत ठेवून. पंचाईत झाली १९९८ मध्ये. ५.० आवृत्तीत खरीखुरी स्क्रिप्टिंग भाषा आली आणि 'सेट'ला तर २ गुणिले ४ एवढाही हिशेब येत नव्हता. जुन्या फाइली मोडायच्या नाहीत, म्हणून शेजारी 'लेट' बसवला: ऑप्शनच्या नावाआधी अँपरसँड (&) लावा, मग हवा तो हिशेब करा, स्पेसही द्या. इथे मात्र 'नो' चालत नाही, बंद करायला ० द्यावा लागतो. दुहेरी अवतरणचिन्हाची तर आणखीच मजा. 'लेट'मध्ये त्यात मजकूर ठेवायचा, 'सेट'मध्ये तिथून कॉमेंट, म्हणजे व्हिम वाचत नाही अशी टीप, सुरू होते.

२०१४ मध्ये व्हिमपासून निओव्हिम हा एडिटर वेगळा झाला. २०२१ च्या ०.५ पासून त्याची सगळी कॉन्फिग लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिता येऊ लागली आणि ऑप्शन लावायचे आणखी काही दरवाजे उघडले. लुआत ० हेसुद्धा 'खरं' धरतात. 'हे मशीन मॅक आहे का?' या प्रश्नाला व्हिमचं जुनं फंक्शन ०, म्हणजे 'नाही', म्हणत होतं आणि माझ्या लिनक्सवर मॅकच्या ओळी चालत होत्या. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

२०२२ मध्ये व्हिम ९ ची नवी स्क्रिप्ट आली. तिच्यात 'लेट' गेला, अँपरसँड राहिला, जुना 'सेट'ही राहिला. आणि अँपरसँड लावून किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस आता सक्तीची आहे.