डर्ट बाइक पाण्यात बुडाली तर: स्टार्टर दाबण्याआधी वाचा

ओढ्यात गाडी आडवी होते, इंजिन पाण्याखाली जातं, तीन-चार जण मिळून ती काठावर आणतात. पुढच्याच मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "मारून बघ एकदा, होते का चालू." आमच्या अनुभवात बुडालेल्या इंजिनाचं मोठं काम बहुतेक वेळा या एका वाक्यापासून सुरू होतं. नुसतं पाणी शिरलेलं इंजिन वेळेत रिकामं केलं तर बऱ्याचदा न खोलता वाचतं. पाण्यासकट फिरवलेलं इंजिन मात्र बहुतेक वेळा खोलावंच लागतं. म्हणून गाडी आमच्या गॅरेजमध्ये येण्याआधी तुमच्या हातून काय व्हावं आणि काय होऊ नये, ते इथे सांगतो.

स्टार्टर का नको?

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. २५० सीसीचं चारस्ट्रोक इंजिन घ्या, कॉम्प्रेशन रेशो १३:१ धरा, म्हणजे पिस्टन वर गेला की सिलिंडरमधली जागा तेराव्या हिश्श्याएवढी होते. पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जेमतेम २१ मिलीलिटर जागा उरते. ४५० सीसीच्या इंजिनातही ती ३७-३८ मिलीलिटरच भरते. म्हणजे लहान गाडीत चहाचे चार-पाच चमचे पाणी साठलं, की पिस्टनला वर जायला वाटच नाही. पिस्टन अडतो, खालचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, मात्र रेटत राहतो आणि दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड मधल्या मध्ये वाकतो. किक मारताना पाय अडतो आणि तुम्हाला निदान कळतं तरी. सेल्फच्या मोटरला असलं काही कळत नाही. गाडी ढकलून गिअरमध्ये टाकणं तर सगळ्यात वाईट, कारण तेव्हा गाडीचं आणि माणसाचं सगळं वजन त्या रॉडवर येतं.

यातली फसवी गोष्ट अशी की थोडासा वाकलेला रॉड गाडी बंद पाडत नाही. पाणी काढलं, गाडी सुरू झाली, सगळे खूश. पण आत पिस्टन तिरका चालत असतो. तो बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, एकाच बाजूला घासतो, रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या (बिग-एंड) बेअरिंगवर वाकडा ताण येतो आणि काही राइडनंतर कधीतरी इंजिन जाम होतं. तोवर ओढा कुणाच्या ध्यानातही नसतो. म्हणून गाडी सोडताना तुम्ही "आता मस्त चालते" म्हणालात, तरी आम्ही एक प्रश्न विचारणारच: पाण्यात गेली तेव्हा इंजिन चालू होतं का, आणि असेल तर धाडकन थांबलं की आचके देत बंद पडलं?

पाण्यातून काढताना

किल स्विच बंद करा. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, जमत नसेल तर क्लच दाबून धरा आणि मगच ढकला. गिअरमध्ये असलेल्या गाडीचं मागचं चाक फिरलं की इंजिनही फिरतं आणि आणखी पाणी ओढतं. पेट्रोलचा कॉक असेल तर तोही बंद करा. काठावर आल्यावर पहिल्यांदा एअर फिल्टर काढा आणि त्याच्या मागची इनटेकची नळी बोटाने चाचपून बघा. फिल्टर ओला असून नळी कोरडी असेल तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही. नळीत पाणी असेल तर ते इंजिनात गेलंय असंच धरून चालायचं. नळीत गाळ लागला असेल तर रस्त्यावर पुढे काहीही करू नका, गाडी टेम्पोत घाला.

नळी कोरडी असली तरी स्पार्क प्लग काढाच. पाणी सायलेन्सरमधून उलटंही येतं. एक गोष्ट मात्र घाईत राहून जाते: प्लग ज्या खोबणीत बसतो तिथे वाळू आणि पाणी हमखास साचलेलं असतं. प्लग सैल करण्याआधी एक बारीक नळी आत घालून तोंडाने जोरात फुंका, नाहीतर प्लग निघाला की ती सगळी वाळू सरळ पिस्टनवर पडेल.

आता पाणी बाहेर. टूस्ट्रोक गाडी असेल तर टाकीचं झाकण आणि कॉक घट्ट बघून ती सरळ उलटी करा, चाकं आकाशाकडे. क्रँककेसमधलं पाणी प्लगच्या भोकातून गळतं. मग गाडी मागच्या चाकावर उभी करा, म्हणजे एक्झॉस्टच्या फुगीर पाइपात साठलेलं निघून जाईल. चारस्ट्रोक उलटी करू नका, तिचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची आतली हवा सोडणाऱ्या नळीतून, एअरबॉक्समध्ये उतरतं. ती नुसती मागच्या चाकावर उभी केली तरी पुरे.

त्यानंतर प्लग बाहेर ठेवूनच थ्रॉटल पूर्ण उघडा आणि किक हळू दाबा. अडत नसेल तर भरभर मारा. भोकातून पाण्याची पिचकारी उडते, तिच्यात पेट्रोलही असतं. तोंड बाजूला ठेवा आणि आसपास ठिणगी उडू देऊ नका. किल स्विच बंद राहू द्या. किक नसेल तर वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. फवारा थांबून नुसती हवा यायला लागली की सिलिंडर रिकामा झाला.

पेट्रोल आणि ऑइल

कार्ब्युरेटरच्या गाडीत खालचा ड्रेन बोल्ट सोडून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी जड, ते तळाशी बसतं, दोन थर डोळ्यांना दिसतात. इंजेक्शनच्या गाडीत टाकी तपासल्याशिवाय इग्निशन ऑनच करू नका, कारण स्विच ऑन झाल्याबरोबर पंप ते पाणी इंजेक्टरपर्यंत ढकलतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर वरचा थर गाळून वापरायचा मोह टाळा. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाला जातं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. कसर करायची ही जागा नव्हे.

ऑइल दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऑइल स्वच्छ दिसलं म्हणजे पाणी नाही, असं मात्र नाही. इंजिन फिरलंच नसेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत नाही, गुपचूप तळाशी बसून राहतं. खूण पातळीची बघा: काचेत ऑइल नेहमीपेक्षा वर आलंय, कधीकधी काच पूर्ण भरली आहे, म्हणजे खालून पाण्याने ते उचललंय. गाडी तासभर सरळ उभी ठेवून ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा. आधी पाणी ठिबकतं, मग ऑइलची धार लागते. आडरानात दुसरं ऑइल जवळ नसेल तर ऑइल दिसताक्षणी बोल्ट आवळून, पातळी बघून, सावकाश घरापर्यंत यायला एवढं पुरतं. मात्र ऑइल दुधाळ झालं असेल तर ही युक्ती चालत नाही. मग गाडी उचलूनच आणायची.

फ्लशिंग आम्ही असं करतो. पूर्ण ऑइल काढायचं, योग्य ग्रेडचं साधं ऑइल भरायचं, इंजिन रेस न करता गरम होईपर्यंत चालवायचं, काढायचं. निघालेलं ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा, बहुधा दोन-तीन वेळा. फिल्टर पहिल्याच फेरीत बदलतो, कारण कागद पाणी धरून ठेवतो, आणि शेवटी पुन्हा एकदा. डिझेल घालून इंजिन चालवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. आम्ही ते करत नाही. डिझेलचा थर बेअरिंगला पुरत नाही आणि कोपऱ्यात उरलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं. कारचं ऑइलही नको. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2), म्हणजे अशा ओल्या क्लचसाठीचा दर्जा, लिहिलेलं हवं. काही चारस्ट्रोक मॉडेलमध्ये इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं असतं. तिथे दोन्ही बदलावी लागतात.

टूस्ट्रोकचं दुखणं निराळं. क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलमधल्या ऑइलचा पातळ थर काय तो आधार, पाण्याने तो धुतला जातो. अशी गाडी रिकामी करून "उद्या बघू" म्हणत ठेवली तर रात्रीतून बेअरिंगवर तांबूस ठिपके उमटतात. प्लगच्या भोकातून आणि इनटेकमधून थोडं टूटी (2T) ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतो तेच, सोडा, किक हाताने दहा-बारा वेळा फिरवा, मग ठेवा. पुढे ताज्या मिश्रणावर सुरू करून चांगली गरम होऊ द्यायची. धूर भरपूर होईल, होऊ द्या.

पाणी कसलं होतं?

गाडी बंद असताना स्वच्छ वाहत्या पाण्यात पडली आणि काही तासांत रिकामी झाली, तर आम्ही सहसा इंजिन खोलायला सांगत नाही. फ्लशिंग, कॉम्प्रेशन टेस्ट, वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटचं कव्हर उघडून कॉइल वाळवणं, वायरिंगचे कपलर सोडून साफ करणं, एवढ्यावर भागतं. गढूळ पाण्याची गोष्ट वेगळी. बारीक गाळ रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये बसून पॉलिश पेपरचं काम करतो, आणि फ्लशिंगने तो पूर्ण निघेल याची खात्री आम्ही देणार नाही. फिल्टरच्या पलीकडे गाळ दिसला की हेड आणि बोअर उतरवायचं.

खाऱ्या पाण्यात गाडी गेली असेल तर घड्याळ बघूनच काम करा. आधी गोड्या पाण्याने पूर्ण गाडी धुवा, बॅटरीचं कनेक्शन काढा, आम्हाला लगेच कळवा. मिठाचं पाणी अॅल्युमिनियमचं कव्हर, वायरिंग आणि बेअरिंग एकदमच खायला सुरुवात करतं. अशा वेळी पूर्ण इंजिन खोलणं हेच आम्ही सुचवतो. थोडक्यात भागवलेली अशी गाडी परत येतेच.

सुरू इंजिन पाण्यात धाडकन थांबलं असेल, तर पाणी कसलंही असो, आम्ही पिस्टन वरच्या टोकाला किती उंच येतो ते डायल गेज या बारीक मापाच्या घड्याळी मापकाने मोजतो. रॉड वाकला की तो आखूड होतो, पिस्टन मापापेक्षा खाली राहतो. फरक दिसला तर रॉड सरळ करून द्या असं कृपया म्हणू नका, तो बदलायचाच असतो.

गाडी उन्हात ठेवून आपोआप वाळेल या भरवशावर राहू नका. बाहेरून खडखडीत दिसते, आत मात्र वाफ रात्री पुन्हा पाणी होऊन बेअरिंगवरच जमते. लगेच काही करणं जमणार नसेल तर निदान रिकामी करून, प्लगच्या भोकातून ऑइल सोडून ठेवा.

काम झाल्यावर गाडी तुमच्याकडे आली, की पहिली राइड छोटी पण चांगली गरम करणारी घ्या, नुसती दारात घुरघुरत ठेवू नका. ऑइल पुरतं तापलं तरच उरलेला ओलावा उडतो. त्यानंतर ऑइल पुन्हा बघा, जरा जरी दुधाळ वाटलं तर बदलून घ्या. क्लच ओढत असेल किंवा घसरत असेल तर सांगा, पाण्याने प्लेटचं अस्तर फुगतं. चाकांच्या, हँडलच्या आणि मागच्या लिंकेजच्या बेअरिंगमधलं ग्रीसही धुतलेलं असतं. इंजिनाच्या नादात ते राहून जातं, म्हणून कामाच्या पावतीवर आम्ही त्याचा वेगळा रकाना ठेवला आहे. नको असेल तर तिथे खूण करा, पण आमचं मत करून घ्या असंच आहे.