लंबकाची पाच मापं आणि एक सरळ रेषा

साधा लंबक झुलवून गुरुत्वत्वरण काढायचं, तर आलेखातले बिंदू विखुरतात ते बहुतेक वेळा हातामुळे. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारं बोट एक-दोन दशांश सेकंद सहज पुढेमागे करतं. म्हणून एका दोलनाचा, म्हणजे एकदा जाऊन परत येण्याचा, वेळ न घेता २० दोलनांचा घ्यावा. चूक तेवढीच राहते, पण २० ने भागली जाते. कोन १० अंशांच्या आत ठेवावा आणि प्रत्येक लांबीला पाच वेळा मोजावं.

स्प्रेडशीटमध्ये एका लांबीला एक ओळ द्या. ‘ए’ स्तंभात मीटरमधली लांबी, ‘बी’ ते ‘एफ’मध्ये पाच मापं. पुढच्या स्तंभात त्या पाचांवर अ‍ॅव्हरेज फंक्शन लावून २० ने भागा, हा दोलनकाल. त्याच्या शेजारी त्याचा वर्ग. खान्यात फक्त आकडा लिहा. ‘२८.४ से’ असं लिहिलंत तर तो खाना मजकूर ठरतो आणि अ‍ॅव्हरेज त्याला गुपचूप वगळतं. राहिलेल्या मापाचा खाना रिकामाच ठेवा, कारण शून्य मात्र सरासरीत धरलं जातं.

समजा, ०.५० मीटरला २८.३१, २८.५२, २८.३६, २८.४७ आणि २८.३४ सेकंद आले. सरासरी २८.४०, दोलनकाल १.४२० सेकंद, त्याचा वर्ग २.०१६. लांबीला ३९.४८ ने (पायच्या वर्गाच्या चौपटीने) गुणून या वर्गाने भागलं की गुरुत्वत्वरण ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. आता २८.३६ च्या जागी २६.९८ असतं तर? सरासरी २८.१२ वर घसरते आणि उत्तर ९.९८ होतं. असं माप येतं ते सुरुवात ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हणून केल्यामुळे: मोजली २०, झाली १९. सरासरी अशी चूक पचवत नाही, सगळ्या मापांत वाटून टाकते. म्हणून आधी पाचही आकडे डोळ्यांखालून घाला आणि शंका आली तर ते माप पुन्हा घ्या.

विखुरणं किती, हे एसटीडीईव्ही डॉट एस (STDEV.S) या प्रमाण विचलन काढणाऱ्या फंक्शनने कळतं. वरच्या मापांसाठी ते ०.०९ सेकंद आहे. पाचाच्या वर्गमूळाने भागलं की सरासरीची अनिश्चितता ०.०४ उरते. ती निम्मी करायला मापं चौपट, म्हणजे २० लागतील. तेवढ्या कष्टात आणखी तीन लांबी मोजून होतात, आणि आलेखाला त्याचाच जास्त उपयोग.

आलेख स्कॅटर प्रकारचाच निवडा. लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या लांबी सारख्या अंतरावर मांडतो, मग ०.३०, ०.४० आणि ०.८० मीटर असतील तर रेषा उगाच वाकते. आडवी लांबी, उभा दोलनकालाचा वर्ग, त्यातून ट्रेंडलाइन, म्हणजे बिंदूंना सर्वांत जवळची सरळ रेषा. उतार ४.०३ च्या आसपास यायला हवा, ३९.४८ ला, म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीला, त्याने भागलं की गुरुत्वत्वरण.

या रेषेचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच दोरा मोजला, तर प्रत्येक लांबी एक सेंटीमीटर कमी भरते. ०.५० मीटरच्या लंबकाला मग ९.५९ असं उत्तर मिळतं आणि पन्नास मापांची सरासरीही ते सुधारत नाही. आलेखात मात्र उतार तोच राहतो, फक्त रेषा उभ्या अक्षाला शून्याऐवजी ०.०४ वर छेदते. त्यामुळे ट्रेंडलाइनच्या पर्यायांत ‘सेट इंटरसेप्ट’ला (रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदावी ते ठरवणाऱ्या पर्यायाला) शून्य देऊ नका, दिलंत तर ती सेंटीमीटरची चूक उतारात शिरते.