पीकर आणि कंबाइंड सायकल, दोन्ही गॅसवरचेच पण धूर सारखा नाही

गॅसवरचा पॉवर प्लांट म्हटला की लोक सगळ्यांना एकच सर्टिफिकेट देऊन मोकळे होतात, कोळशापेक्षा स्वच्छ. कोळशाशी तुलना केली तर ते बरोबरच आहे, पण गॅसच्या प्लांटमध्येच दोन जाती आहेत, दिवसच्या दिवस चालणारा कंबाइंड सायकल आणि विजेची मागणी वाढली की थोडा वेळ चालवायचा पीकर, आणि त्यांच्यातला फरक लहान नाहीये.

आपलं उरण घ्या. महाजेनकोचं हे केंद्र ६७२ मेगावॉटचं, त्यात १०८ च्या चार गॅस टर्बाइन आणि १२० च्या दोन स्टीम टर्बाइन. गॅस जाळून टर्बाइन फिरते, तिच्यातून जो तापलेला धूर निघतो त्याच्यावरच पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर परत वीज काढायची, म्हणजे त्या २४० मेगावॉटसाठी वेगळा गॅस जाळावा लागत नाही. हे झालं कंबाइंड सायकल.

पीकरमध्ये ही वाफेची भानगडच नसते, तापलेला धूर सरळ चिमणीतून वर. त्यामुळेच तो दहा-पंधरा मिनिटांत फुल लोडवर येतो, आणि संध्याकाळी एसी लागले की ग्रिडला नेमकं तेच हवं असतं. न्यूयॉर्क शहरात २००१ साली उन्हाळ्यात वीज कमी पडेल म्हणून घाईघाईने अशा छोट्या टर्बाइन बसवल्या, एकेक साधारण ४५ मेगावॉटची, विमानाच्या इंजिनापासून बनवलेली.

आता हिशोब. पीकरची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर एका युनिटमागे साधारण ५८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, कंबाइंड सायकल ५५ टक्क्यांवर चालला तर ३७० च्या आसपास. गॅस तोच!

यावर लगेच उत्तर येतं की पीकर वर्षातून थोडेच तास चालतो, एकूण आकडा किरकोळ आहे. कार्बनपुरतं मान्य. पण नॉक्सचं, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइडचं, तसं नाही, कारण तो अडवणारा कॅटॅलिस्ट गरम झाल्याशिवाय नीट कामच करत नाही, आणि पीकर तर सारखा चालू-बंद होतो, म्हणजे प्रत्येक स्टार्टला थोडा वेळ जास्त नॉक्स बाहेर, आणि जुन्या पीकरवर तर कॅटॅलिस्ट नसतोच. वर तो चालतो कधी? कडक उन्हाच्या दिवशी, ज्या दिवशी नॉक्सपासून जमिनीलगत, श्वासाला त्रास देणारा ओझोन तयार होतो. वर्षाच्या सरासरीत हे दिवस दिसतच नाहीत आणि मला ही सरासरी दाखवणंच चुकीचं वाटतं, कारण त्या २००१ च्या टर्बाइनपैकी काही साउथ ब्राँक्समध्ये आहेत, जिथे दम्याचं प्रमाण आधीच खूप आहे.

न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये जुन्या पीकरच्या उन्हाळी नॉक्सवर मर्यादा घातली, आणि २०२३ च्या कायद्याने २००१ च्या त्या छोट्या टर्बाइनना, ज्या सरकारी मालकीच्या आहेत, बंद करायला २०३० अखेरची मुदत दिली, ग्रिडला गरज असेल तर सूट. हे जमू शकतं, कारण पीकर बहुतेक वेळा काही तासच चालतो आणि तेवढं काम चार तासांची बॅटरी करू शकते. दिवसच्या दिवस चालणाऱ्या कंबाइंड सायकलची जागा मात्र ती बॅटरी घेऊ शकत नाही.